गॅसची शेगडी : पिवळी ज्योत, काळी भांडी, घट्ट बटण (आणि 'नवीच घ्या' म्हणणारा मिस्त्री)

टीपॉय

मागच्या दिवाळीत पुण्याच्या घरी ओटा नवा केला आणि हौसेने हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) बसवला. आधीची दोन बर्नरची स्टीलची शेगडी धडधाकट होती, भंगारात द्यायला जीव होईना. म्हणून ती गावी (कोरेगाव तालुका) आईकडे पोचवली, कारण तिची शेगडी गंजून तळाला आली होती.

आता गेले दोन महिने फोनवर एकच विषय. मोठ्या बर्नरची ज्योत पिवळी आणि लांबलचक येते, भांड्यांची बुडं काजळतात, आमटीचं पातेलं घासून घासून तिचा हात दुखतो. शिवाय डाव्या बाजूचं बटण इतकं घट्ट झालंय की दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. गावात येणाऱ्या मिस्त्रीने शेगडी उलटी करून पाहिली आणि निदान केलं : "बाद झाली. नवी घ्या, ही मी चारशेला घेतो." बाद झालेली शेगडी चारशेला कशाला हवी, हे मी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी जाणार आहे. घरच्या घरी काय काय करता येईल? पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आहे. अभियंता आहे, पण संगणकाचा.

भाजणी

बर्नर शेवटचे कधी घासले होते? आधी ते करा, बाकी नंतर. रात्री कडकडीत पाण्यात लिंबाचा रस आणि इनोची पुडी टाकून बर्नर बुडवून ठेवायचे, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचे. भोकांत दूध, वरणाचं पाणी, कणीक असा सगळा मेनू अडकलेला असतो.

शेंगदाणा_कूट

इनो कशाला, चिंच आहे की. चिंचेच्या कोळात पितळ कसं लखलखतं ते देवाच्या भांड्यांना विचारा.

मेकॅनिकल८९

दोन्ही चालेल, पण बर्नर पितळी असेल तरच. हल्ली बऱ्याच शेगड्यांना खालचा भाग ॲल्युमिनियमचा किंवा बिडाचा असतो आणि वर फक्त पितळी टोपी. ॲल्युमिनियम रात्रभर आंबटात ठेवलं तर काळं पडून खरवडतं. सोडा-कॉस्टिक तर अजिबात नको. त्यांना साबणाचं गरम पाणी पुरतं.

भोकं सुईने टोकरताना एकेका भोकातून सरळ आत जायचं, सुई फिरवायची नाही. धुतल्यावर पालथे घालून पूर्ण वाळवा. ओला बर्नर लावला की ज्योत तडतडते, पिवळी होते आणि माणूस उगाच घाबरतो.

गोगलगाय

आमच्याकडे बर्नर धुऊन परत बसवताना मोठ्याची टोपी जराशी तिरकी बसली होती. लायटर लावला तर बर्नरच्या वर काही नाही आणि खाली 'भक्क' आवाज होऊन बटणाजवळ ज्योत! सासूबाईंनी शांतपणे बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "टोपी बघ." मी तेव्हा स्वयंपाकघराच्या बाहेर पोचले होते.

मेकॅनिकल८९

हो, ज्योत मागे सरकून थेट जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या पितळी निपलच्या, तोंडाशी जळते. बटण बंद करायचं, मिनिटभर थांबायचं, टोपी नीट बसवायची आणि मग पुन्हा पेटवायचं. वारंवार होत असेल तर बर्नर झिजलाय किंवा जेट अर्धवट चोंदलंय, गॅस हळू येतोय.

आता टीपॉय यांच्या प्रश्नाकडे. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय. शेगडी उलटी केली की बटणाच्या मागे एक छोटं पितळी जेट दिसेल (काही जण निपल म्हणतात) आणि त्याच्या पुढ्यात बर्नरकडे जाणारी नळी. जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा नळीत ओढून घेतो. त्या नळीत कोळ्याने जाळं केलं, झुरळाने अंडी घातली की हवेचा रस्ता अडतो. शेगडी काही दिवस न वापरता पडून होती का? असली तर शंभर टक्के हेच. बाटली घासायचा बारीक ब्रश नळीतून दोनदा फिरवा.

टीपॉय

हो! पुण्याहून नेईपर्यंत तीन आठवडे बाल्कनीत पडून होती. आईला व्हिडिओ कॉलवर सांगतो, वहिनी आहेत मदतीला.

रस्सा_वेगळा

गॅसच्या कामाला व्हिडिओ कॉल? एजन्सीचा माणूस बोलवा. हे काय मिक्सरचं भांडं आहे का? आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये 'घरच्या घरी' पाइप बदलून कुणीतरी भुवया जाळून घेतल्या होत्या. जीवापेक्षा दोनशे रुपये मोठे नाहीत.

भाजणी

बर्नर काढून धुणं, पाइप बघणं, वायसर बदलणं ही कामं बायका कनेक्शन घरी आल्या दिवसापासून करतायत. पुरुषांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की लगेच त्याला 'दुरुस्ती' म्हणतात आणि सुरक्षेवर निबंध येतात. ह. घ्या.

रस्सा_वेगळा

घेतलं हलकं. पण पाइपचं काय ते सांगा, ते तरी नीट लिहा इथे. बरेच जण वाचतायत.

सिंधुदुर्गी

पाइप मी लिहितो, कारण आमच्याकडे उंदरांची कृपा आहे आणि अनुभव दांडगा.

तो नारिंगी 'सुरक्षा' पाइपच घ्यायचा, ज्याच्या आत तारेची जाळी असते. त्यावर आयएसआयचा शिक्का बघा. आयुष्य पाच वर्षं. पूर्वीचा हिरवा रबरी पाइप दोन वर्षांतच तडकायचा. बदलताना आधी रेग्युलेटर बंद, मग शेगडीचं बटण उघडून पाइपमधला उरलेला गॅस जाळून टाकायचा, ज्योत आपोआप विझली की बटण बंद आणि रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवायचा. जुना पाइप ओढून निघत नसेल तर ब्लेडने उभा चिरा, नोझलला ओरखडा न पडू देता. नव्याचं टोक कोमट पाण्यात मिनिटभर धरलं की सरकतं. तेल, साबण लावू नका, नंतर तोच सुळकन निघून येतो. आणि पाइपला कापडी कव्हर शिवू नका, कितीही छान दिसलं तरी. आत उंदराने काय केलंय ते दिसत नाही. आमच्याकडे पायमोज्याचं कव्हर होतं, त्यात खरंच पायमोज्याएवढंच भोक पडलं होतं.

मग साबणाचा फेस : जोडावर फासायचा, बुडबुडा आला तर गळती. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत.

आवळेजावळे

सिलिंडरचा जड गॅस खाली जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास आला तर खालच्या दारं-खिडक्या आधी उघडा. विजेचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. १९०६ हा गळतीसाठीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. फ्रिज उघडू मात्र नका तेव्हा.

गोगलगाय

सिलिंडरच्या तोंडातलं ते काळं रबरी वायसर कुणी तपासतं का? रेग्युलेटर बसवल्यावर येणारा फुस्स आवाज नव्वद टक्के वेळा त्याचाच. घेतानाच सिलिंडर आणणाऱ्या दादांकडून बघून घ्यायचं, ते गेल्यावर कुणी फिरकत नाही.

टीपॉय

अपडेट. वहिनींनी बर्नर धुतले, नळीत ब्रश फिरवला. नळीतून एक मेलेला कोळी आणि मुठीएवढी काळी धूळ निघाली. मेकॅनिकल८९ यांचा विजय असो.

...पण ज्योत अजून पिवळीच. थोडी कमी, पण पिवळी. आई म्हणाली, "तुझ्या त्या फोरमवाल्यांना सांग, पातेलं तसंच आहे."

मेकॅनिकल८९

हम्म. मग जेटमध्येच काहीतरी. पिन मारून बघा.

निवांत_काका

'पिन मारणे'! काय दिवस आठवले. आमच्या लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची म्हणजे सन्मानाचं काम. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी तार, ती आत मोडली की घरात सुतकी शांतता. आईने पंप मारून स्टोव्ह फरफरायला लागला की त्या आवाजातच अभ्यास व्हायचा. गॅस आला तेव्हा आजी म्हणाली, हा मुका स्टोव्ह पेटलाय की विझलाय कळणार कसं?

काजळीचं म्हणाल तर चुलीच्या काळात बुडाला ओल्या मातीचा किंवा राखेचा लेप देऊनच पातेलं चढवायचे. काजळी लेपावर बसते, पाण्याखाली धरलं की लेपासकट निघून जाते. टीपॉय, ज्योत सुधारेपर्यंत आईंना सांगा. त्यांना माहीतच असेल म्हणा.

मेकॅनिकल८९

काका, पिन मारा म्हटलं खरं, पण एक इशारा राहिला. जेट मऊ पितळेचं असतं. गोधडीची सुई, टाचणी, दाभण असलं काही आत फिरवलं की भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायमचीच बिघडते. फुंकर मारा, नाहीतर रॉकेलमध्ये भिजवून ठेवा. अगदीच तर पिन भोकापेक्षा बारीक हवी.

आणि घट्ट बटणाबद्दल : बटणाखाली कॉक असतो, त्यात एक निमुळता पितळी गट्टू फिरतो. त्याचं ग्रीस वाळलं की घट्ट होतं. गट्टू काढून, जुनं ग्रीस पुसून, गॅसच्या कॉकचं वेगळं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं, भोकात न जाऊ देता. डावा गट्टू डाव्यातच, उजवा उजव्यातच. ते कारखान्यात आपापल्या घरात घासून बसवलेले असतात, अदलाबदल केली की गळतात. गाडीचं ग्रीस लावू नका, वितळून भोकात उतरतं.

रस्सा_वेगळा

हे मात्र घरी करू नये. पाइप, बर्नर, वायसर ठीक आहे. कॉक उघडला की तुम्ही गॅस अडवणारी एकमेव गोष्ट हातात घेतलेली असते. यावर मी ठाम.

मेकॅनिकल८९

यावर सहमत. माहिती म्हणून लिहिलं. पहिल्यांदा करणाऱ्याने दुकानातूनच करून घ्यावं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून आमचाही झब्बू. इथे वर चार-पाच बर्नर, खाली ओव्हन अशी अखंड रेंज असते आणि माणूस नुसता दारात आला की त्याचं बिल शंभर डॉलरच्या पुढे सुरू होतं. त्यामुळे हात आपोआप चालायला लागतात.

आमचा ओव्हन तापायला पाऊण तास घ्यायला लागला. आत डोकावून पाहिलं तर पेटवणारी कांडी लालभडक दिसतेय, पण ज्योत लागत नाही. मला वाटलं कांडी ठीक आहे, व्हॉल्व्ह गेला. उलटं निघालं. त्या कांडीतून ठरावीक करंट गेला तरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. माझ्या व्हॉल्व्हवर ३.२ ते ३.६ अँपिअर असं छापलं होतं. कांडी म्हातारी झाली की लाल होते, पण तेवढा करंट ओढत नाही. म्हणजे दिसायला तेजस्वी, काम शून्य. (आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत असे दोघे आहेत.)

प्लग काढला, गॅस बंद केला, दोन स्क्रू, दोन वायरी, तासाभरात नवी कांडी बसली. सगळा वेळ गंजलेल्या एका स्क्रूने खाल्ला. नवी कांडी बोटाने धरायची नाही, तेलकट बोट लागलं की लवकर तडकते, आणि अशीही ती खडूसारखी ठिसूळ असते.

पानगळ

एडिसनकर, आमच्या हॉबला नेमकं दुसरं दुखणं आहे. बटण दाबून धरलं तोवर ज्योत, सोडलं की विझते. काल भेंडी अशीच एका हाताने केली.

एडिसनकर

तुमच्या हॉबला ज्योत विझली तर गॅस तोडणारी सोय असणार. बर्नरजवळ दोन काड्या दिसतील. ठिणगी पाडणारी पांढऱ्या चिनी मातीतली, आणि दुसरी नुसती धातूची. ती दुसरी तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार करते आणि तेवढ्यावर आतला चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरतो. टोकावर काजळी किंवा उतू गेलेल्या दुधाचा थर बसला की ती तापत नाही. गार असताना बारीक पॉलिश पेपरने टोक पुसा, आणि ते ज्योतीत येतंय ना ते बघा. तरीही नाही झालं तर ती काडी बदलून मिळते.

पानगळ

दूधच होतं. झालं सुरू! धन्यवाद. भेंडी मात्र वाईट झाली होती.

शेंगदाणा_कूट

ओटा पुसल्यावर हॉब आपोआप टकटकटक करत बसतो त्यावरही उपाय सांगा. रात्री दोनला सुरू झालं, मला वाटलं पाल.

एडिसनकर

बटणाखाली पाणी शिरलंय. सेल काढून ठेवा, बटणं उपसून पंख्याखाली वाळू द्या. फडका पिळून घेत जा.

आवळेजावळे

अवांतर : काचेच्या शेगडीवर आंघोळीच्या पाण्याचं पसरट पातेलं ठेवू नका. आमच्याकडे बुडाची धग खाली फिरून काच तापली आणि वर ओला फडका पडला. फटाक्! साबुदाण्याएवढे तुकडे, वाटाण्याच्या उसळीतसुद्धा.

बावन्नपत्ती

उशिरा आलो. माझं सांगलीत कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. वरचं सगळं वाचलं. टीपॉय, दोन प्रश्न.

एक, लहान बर्नरची ज्योत कशी आहे? तुम्ही फक्त मोठ्याबद्दल लिहिलंय.
दोन, पुण्याच्या घरी सिलिंडर होता की पाइपचा गॅस?

टीपॉय

लहान बर्नर आई फक्त चहाला वापरते. आत्ता फोन करून विचारलं. तोही पिवळाच आहे!

पुण्यात पाइपचा गॅस, सहा वर्षं झाली.

बावन्नपत्ती

मग शेगडीला काही झालेलं नाही.

पाइपचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस वेगळे. पाइपमधला हलका, त्यात जोर कमी आणि दाबही कमी, २१ मिलिबार. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येतो तो ३० मिलिबारने, आणि तेवढ्याच घनफळात त्याची आच साधारण अडीचपट. म्हणून पाइपचं कनेक्शन देताना माणूस येऊन शेगडीचे जेट बदलतो, नाहीतर त्याच जेटचं भोक ड्रिलने मोठं करतो. तुमच्याकडेही सहा वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन दहा मिनिटांत हे करून गेला असेल, तुम्ही ऑफिसात असाल.

आता तीच मोठ्या भोकाची शेगडी तुम्ही सिलिंडरला लावलीत. गॅस गरजेपेक्षा फार जास्त येतोय. पिवळी लांब ज्योत, काजळी, सिलिंडरही लवकर संपत असणार. दोन्ही बर्नर एकदम पिवळे असले की आधी जेटच बघायचे. कचरा सहसा एकाच बर्नरला त्रास देतो.

दोन्ही जेट सिलिंडरच्या गॅसचे नवे घाला. मोठ्या बर्नरचं आणि लहानाचं वेगळं असतं, जुने नमुन्याला न्या आणि बर्नरही सोबत न्या. मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही, कुणी डाग देऊन देतो म्हणाला तर ऐकू नका. पाना हलक्या हाताने फिरवा, पितळ आहे. आणि शनिवारपर्यंत त्या शेगडीवर स्वयंपाक खिडकी उघडी ठेवूनच. अर्धवट जळलेल्या गॅसचा धूर डोळ्यांना दिसत नाही, पण बंद खोलीत माणसाला गुंगी आणतो. ही थट्टा नाही.

मेकॅनिकल८९

साष्टांग. पहिल्याच पोस्टमध्ये 'पुण्याच्या घरी' होतं आणि मी कोळी शोधत बसलो.

भाजणी

कोळी सापडला पण होता की.

रस्सा_वेगळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). गावी शेगडी 'पोचवण्याची' पद्धत आमच्याकडेही आहे. उलट दिशेचं काय होतं? आत्याने सिलिंडरची शेगडी मुंबईत पाइपला लावली होती, ज्योत मेणबत्तीएवढी.

बावन्नपत्ती

तेच. लहान भोक, जोर नाही. पण तिथे भांडी काळी होत नाहीत, फक्त भात दोन तासांनी शिजतो.

टीपॉय

शनिवारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत.

आईने आधीच सांगितलं की सिलिंडर या वेळी पंधरा दिवस आधी संपला, तिला वाटलं वजनात मारलं. एजन्सीशी भांडून झालं होतं. रेग्युलेटर बंद करून शेगडी उलटी केली. जेटच्या भोकाची कड ड्रिलची, ओबडधोबड, टॉर्चमध्ये स्पष्ट दिसली. कोरेगावात बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाशेजारी एक दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांच्याकडे अख्खी शेगडीच नेली. त्यांनी जेट बघून फक्त एवढं विचारलं, "पुण्याची काय?" दोन जेट, डाव्या कॉकला ग्रीस, साबणाचा फेस लावून तपासणी, सगळे मिळून एकशे ऐंशी. चारशेला घेणाऱ्या मिस्त्रीचं नाव काढलं तर हसले.

घरी येऊन लावली. निळी, आखूड, टोकं एकसारखी. पातेलं ठेवलं, उचललं, बूड पांढरंशुभ्र. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं.

गोगलगाय

मग? काय म्हणाल्या?

टीपॉय

"ज्योत बारीक झाली. भाकरी फुगायला वेळ लागतोय. आधीचं ते काय होतं ते परत बसवता येतं का?"